सुईवरची नजर काढायची कधी?

फिजिओथेरपी शिकताना न्यूरोत, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या विभागात, पोस्टिंग लागली की पक्षाघाताच्या पेशंटना उभं करणं आलंच. सगळा भार चांगल्या पायावर, लुळा पाय नुसता टेकलेला. हे त्यांना दाखवायला फोर्स प्लेटच, म्हणजे पायांखालचा भार मोजणारी महागडी पाटीच, हवी असं नाही. वजनाचे दोन काटे पुरतात, पण स्प्रिंगचे, सुईवाले घ्या. घरगुती डिजिटल काटे बहुधा काही सेकंदांत आकडा गोठवतात. मग पेशंट कितीही कलला तरी आकडा हलत नाही.

काटे मॅटवर नकोत, सपाट फरशीवर ठेवा. शून्य जुळवा आणि स्वतः आळीपाळीने दोन्हींवर उभं राहून पाहा. किलोभराचा फरक निघाला तर जोडी बदला. पावलांच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्या, नाहीतर उद्याचा आकडा आजच्याशी ताडता येणार नाही. समोर पॅरलल बार (आधाराला धरायचे समांतर दांडे), मागे खुर्ची, आणि तुम्ही लुळ्या बाजूला.

पहिला घोळ इथेच होतो. सुई पाहायला पेशंट मान खाली घालतो, धड पुढे झुकतं, आणि जी ढब शिकवायची तीच बिघडते. म्हणून मोबाइल स्टँडला लावून काट्यांचं चित्र समोरच्या टीव्हीवर डोळ्यांच्या उंचीला आणा. जोडणी वायरचीच करा. वाय-फायवर चित्र मागे रेंगाळतं, पेशंट होऊन गेलेली चूक दुरुस्त करायला जातो आणि झोके वाढतात. डावा काटा पडद्यावर डावीकडेच दिसतोय ना, तेही बघा.

दुसरा घोळ आकड्यांत लपतो. पेशंट साठ किलोचा, काटे म्हणतात ३३ आणि २१. बेरीज ५४. उरलेले सहा किलो बारवरच्या हातात आहेत! बेरीज दर वेळी करायचीच. शिवाय भार सरकवताना खांदा वाकवून किंवा कंबर उचलून सुई हलवणारे महाभाग असतात. सुईसोबत धडही बघा.

सूचना देताना ‘गुडघा ताठ करा’पेक्षा ‘काकू, डावी सुई पंचवीसवर आणा’ हे जास्त चालतं.

पडदा समोर असताना होणारी प्रगती फसवी असते. विन्स्टाइन आणि श्मिट या संशोधकांनी १९९० मध्ये हाताच्या हालचालींच्या प्रयोगांत दाखवलं की निम्म्याच प्रयत्नांना निकाल कळवला तर शिकलेलं पुढे जास्त टिकतं. आणि २००४ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) पक्षाघातानंतर फोर्स प्लेटच्या फीडबॅकने उभं राहण्यातली समानता, म्हणजे दोन्ही पायांवरची भाराची वाटणी, सुधारली, पण तोलाच्या चाचण्या आणि स्वावलंबन नाही.

तेव्हा पडदा काढण्याचा बेत पहिल्याच दिवशी आखा. आमची पद्धत अशी: तीस सेकंद उभं राहणं, मिनिटभर बसणं, अशा दहा खेपा. पहिल्या दिवशी आठ पडदा बघून, दोन टीव्हीवर टॉवेल टाकून. आठवड्याअखेर पाच-पाच. टॉवेल टाकलेल्या खेपेत आधी विचारा, ‘काका, डाव्या पायावर किती किलो आलंय?’ उत्तर आलं की टॉवेल उचला. ‘पंचवीस असेल’ म्हणतात आणि सुई सोळावर असते. मग चेहरा बघण्यासारखा होतो. त्यांचा अंदाज सुईच्या जवळ येऊ लागला की समजायचं, पायाकडून येणारी खबर पोचतेय.

केसशीटवर दोन रकाने ठेवा, ‘पडद्यासह’ आणि ‘पडद्याविना’. दुसरा रकाना भरायचा तो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्याच खेपेला, सराव सुरू होण्याआधी. पुढे तेच काटे पायाखाली ठेवून फळीवरचा डबा काढायला लावा, आणि त्या वेळी सुई फक्त तुम्ही बघा.