सरकारने "हरकती व सूचना मागवल्या आहेत" म्हटलं की नक्की काय करायचं

पेपरात आतल्या पानावर, वधू-वर आणि नाव बदललेल्यांच्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात एक चौकट असते, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की..." आणि आपण ती हमखास सोडून पुढे जातो. मग दोन वर्षांनी सोसायटीतून रस्ता जाणार कळतं, किंवा गाव कुठल्यातरी झोनमध्ये गेलं कळतं, आणि ऑफिसात गेलं की उत्तर ठरलेलं, तेव्हा हरकत का नाही घेतली? म्हटलं जरा सविस्तर लिहावं, कारण हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त पद्धत माहीत पाहिजे.

आधी हे की सरकार उपकार म्हणून विचारत नाही. बऱ्याच कायद्यांत लिहिलेलंच असतं की नियम करायच्या आधी मसुदा प्रसिद्ध करा, लोकांना मुदत द्या, आलेल्या हरकतींचा विचार करा, मगच अंतिम करा. १८९७ चा सामान्य कलमे अधिनियम, त्याचं कलम २३ हेच सांगतं, की जिथे मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट आहे तिथे मसुद्यासोबत तारीख द्यायची आणि त्या तारखेच्या आत आलेल्या हरकतीचा विचार करायचा. "विचार करायचा" एवढंच हां, मान्य करायची असं नाही. केंद्राचं २०१४ चं एक धोरण पण आहे, नवीन कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा म्हणून, पण ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे कधी पाळतात कधी नाही. म्हणून आपल्या नोटिसीत कुठल्या कायद्याचं कुठलं कलम लिहिलंय ते पहिलं बघायचं, सगळी मुदत आणि पुढची प्रोसिजर त्यावर ठरते.

मुदती वेगवेगळ्या असतात. शहराच्या डीपीला (म्हणजे विकास योजनेला) नोटिसीप्रमाणे ३० किंवा ६० दिवस, मंजूर डीपीत किरकोळ फेरबदल असेल (एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम ३७) तर एक महिना, पर्यावरण मंत्रालयाच्या मसुदा अधिसूचनांना साधारण ६० दिवस, गोव्यात टीसीपी (नगररचनेच्या) कायद्याच्या ३९अ खाली झोन बदलायचा असेल तर ३० दिवस, आणि प्रभाग रचना वगैरे असेल तर आठ-पंधरा दिवसांत गुंडाळतात. हे दिवस आपण नोटीस पाहिली तेव्हापासून मोजत नाहीत, नोटीस किंवा राजपत्र निघालं त्या तारखेपासून मोजतात, आणि केंद्राच्या अधिसूचनेत तर बहुतेक वेळा "राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून" असं वाक्य असतं. व्हॉट्सॅपवर फिरत फिरत तुमच्यापर्यंत येईस्तोवर अर्धी मुदत गेलेली असते, तेव्हा फॉरवर्डमधल्या तारखेवर जाऊ नका, मूळ कागद काढा. राजपत्र आता ऑनलाइन मिळतं, केंद्राचं आणि राज्याचं दोन्ही, नगररचनेचं बरंचसं विभागीय पुरवणीत असतं, आणि महापालिका किंवा कलेक्टर ऑफिसच्या साइटवर "सूचना" नाहीतर "घोषणा" असल्या कोपऱ्यात स्कॅन केलेली पीडीएफ पडलेली असते, जी सर्चमध्ये कधीच सापडत नाही, एकेक उघडून बघावी लागते.

मसुदा हातात आला की प्रस्तावना वाचण्यात वेळ घालवू नका, सरळ परिशिष्ट आणि नकाशे उघडा, तिथेच खरा मामला असतो. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचं (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचं) उदाहरण घ्या. २०१४ पासून मसुद्यावर मसुदे निघतायत, ३१ जुलै २०२४ ला सहावा निघाला, ६० दिवसांची मुदत, सहा राज्यं मिळून साधारण ५६,८०० चौरस किमी, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. आता ही आकडेवारी चॅनलवर चर्चेला ठीक, पण तुमच्या कामाचं काय तर मागे जोडलेली तालुकावार गावांची यादी. गावाचं नाव आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, आणि खुर्द की बुद्रुक! एकाच नावाची दोन गावं, एक डोंगराला लागून आणि दुसरं खाली नदीकाठी, यादीत भलतंच पडलं तर पुढे निस्तरता निस्तरता पिढी जाते. डीपीत तसंच, आपला सर्व्हे नंबर कुठल्या शीटवर आहे ते शोधायचं, त्यावर कुठला रंग आहे, आरक्षण (शाळा, बाग वगैरेंसाठी राखलेली जागा) असेल तर त्याचा क्रमांक काय, रस्त्याची रुंदी किती, आणि अहवालात लिहिलंय तेच नकाशात दाखवलंय का, कारण दोन्हीत फरक सापडतो आणि असा फरक सापडला तर तुमची हरकत निम्मी जिंकली म्हणून समजा.

आता लिहायचं कसं. इथे माझं ठाम मत आहे, हरकत मंत्र्यासाठी किंवा आयुक्तांसाठी लिहू नका, ती ज्याच्या टेबलावर जाणार त्याच्यासाठी लिहा. मुदत संपली की सगळ्या हरकतींचा तक्ता तयार होतो, एका रकान्यात अर्जदाराचं नाव, पुढे हरकतीचा थोडक्यात आशय, पुढे खात्याचा अभिप्राय. तुम्ही तीन पानं लिहिलंत की हा निर्णय लोकविरोधी आहे, आमच्या भावनांशी खेळ आहे, बिल्डरधार्जिणा आहे, तर आशयाच्या रकान्यात "प्रस्तावास विरोध" एवढं जातं आणि अभिप्रायात "नोंद घेतली". संपलं. याउलट कलम नंबर, पान नंबर, काय चूक आहे, पुरावा काय आणि त्याऐवजी काय पाहिजे एवढं असलं की त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, हो किंवा नाही, आणि नाही म्हटलं तरी कारण लिहावं लागतं, आणि ते कारण पुढे कोर्टात गेलात तर कामाला येतं.

नमुना देतो, नंबर काल्पनिक आहेत.

"विषय: प्रारूप विकास योजना, स. नं. ४५/२ मधून दर्शविलेल्या १२ मी. रुंद रस्त्याबाबत हरकत.
१) नकाशा शीट क्र. ७ वर सदर रस्ता दाखविला आहे. या जागेवर २००९ साली भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारत असून त्यात २४ कुटुंबे राहतात. प्रमाणपत्राची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत.
२) अहवालातील रस्त्यांच्या यादीत हा रस्ता ९ मी. नमूद आहे, नकाशात १२ मी. आहे.
३) रस्ता पूर्वेकडील पालिकेच्या मोकळ्या जागेतून नेल्यास एकही बांधकाम बाधित होत नाही. सोबतच्या नकाशावर लाल रंगाने दाखविले आहे.
४) तरी सदर रस्त्याची आखणी मुद्दा ३ प्रमाणे बदलावी ही विनंती.
५) मला सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहून म्हणणे मांडायचे आहे."

बास, एक पान. पाचवा मुद्दा विसरू नका, वीजदराच्या याचिकांमध्ये तर वीज नियामक आयोगाच्या जाहीर सूचनेतच लिहिलेलं असतं की प्रत्यक्ष बोलायचंय का ते कळवा, आणि तिथे कंपनीलाही प्रत द्यावी लागते, सूचनेत सगळं दिलेलं असतं, नीट वाचा. नियमाचा मसुदा असेल तर पर्यायी वाक्यच लिहून द्या, "नियम ६ मधील 'वाजवी मुदतीत' ऐवजी '१५ दिवसांत' असे वाचावे", असं. भाषा मराठी चालते, राज्याच्या कामात तर मराठीच लिहा. केंद्राच्या मसुद्यांचा लोचा असा की ते हिंदी-इंग्रजीतच येतात. २०२० च्या ईआयए (प्रकल्पांच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या) मसुद्यावेळी हा विषय दिल्ली हायकोर्टात गेला आणि कोर्टाने आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करा म्हणून सांगितलं, मुदतही ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.

आता सगळ्यांनी मिळून एकच छापील अर्ज द्यावा का? लोक विचारतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीवर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, त्यामुळे संख्या जमवता येते यात शंका नाही. एकसारखे अर्ज तक्त्यात एकाच ओळीत जातात, "अर्ज क्र. अमुक ते तमुक, समान आशय", पण गठ्ठा जाड असला की राजकारण हलतं हेही खरं. मुंबईचा २०१५ चा डीपी बघा, फेब्रुवारीत मसुदा आला, नकाशात ढोबळ चुका, वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, ओरड झाली, हरकतींचा ढीग पडला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीला परत पाठवला, सुधारित मसुदा यायला मे २०१६ उजाडला. तिथे संख्येने काम केलं, पण बातम्या झाल्या त्या लोकांनी एकेक वास्तू, एकेक रस्ता दाखवून दिल्यामुळे. तर दोन्ही करा, सोसायटीचा एक सह्यांचा अर्ज आणि ज्याचं थेट नुकसान आहे त्याचा कागदपत्रांसकट स्वतंत्र.

अर्ज द्यायला गेलात की दोन प्रती न्या. एक ते घेणार, दुसरीवर आवक विभागाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. काउंटरवरचे काका किंवा ताई म्हणतील "ठेवून जा, शिक्का संपलाय, साहेब मीटिंगला गेलेत", तर ठेवून जायचं नाही, थांबायचं, हसून थांबायचं पण थांबायचं. पोच नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नाही असं धरलं जातं, साधं आहे. पोस्टाने पाठवत असाल तर स्पीड पोस्ट, आणि शेवटच्या दिवशी पोचेल असं नाही, चार दिवस आधी. ईमेल चालतो की नाही ते नोटिसीत असतं, नसेल लिहिलं तर ईमेलवर विसंबू नका, फार तर दोन्ही करा. परदेशातल्या आपल्या मंडळींना इथे जमीन-घर असलं तरी पत्ता नोटिसीतलाच वापरायचा, इथल्या कोणालातरी अधिकारपत्र देऊन काउंटरवर पाठवलेलं सगळ्यात बरं.

ऑनलाइन देताना आपली माहिती कुठे जाते तेही बघा. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी या विषयावर) ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मतं मागवली, दहा लाखांवर ईमेल आले आणि ट्रायने ते ईमेल आयडीसकट साइटवर टाकले, पाठवणारे बसले डोकं धरून. उलट डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला तेव्हा मायगव्ह या सरकारी पोर्टलवर नियमवार मतं घेतली आणि मंत्रालयाने आधीच सांगितलं की कोणाची मतं जाहीर करणार नाही. यातही एक गोम आहे, जाहीर होत नाहीत म्हणजे कंपन्यांनी काय मागितलं तेही आपल्याला कळत नाही. ट्रायच्या पद्धतीत दुसऱ्याचं म्हणणं वाचून त्यावर उलट मत देता येतं, मला तीच पद्धत आवडते, फक्त तिथे फोन नंबर वगैरे लिहू नका.

जनसुनावणी हा वेगळा प्रकार, खाण, कारखाना, बंदर असल्या प्रकल्पांना २००६ च्या ईआयए अधिसूचनेखाली घ्यावी लागते. निदान ३० दिवस आधी नोटीस, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजन करतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो, आणि अहवालाचा सारांश मराठीतही कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवायचा असतो. नोटीस लागली की दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन तो मागा, नसेल तर तसं लेखी द्या. लक्षात ठेवा, सुनावणीला कोरम (किमान हजेरी) लागत नाही, म्हणजे गावाने बहिष्कार टाकला तरी समोरचे दहा जण बसवून ती "झाली" असं लिहिता येतं, त्यामुळे बहिष्काराचा निर्णय घेताना लेखी हरकती तरी आधी देऊन ठेवा. व्हिडिओ शूटिंग होतं. शेवटी इतिवृत्त तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते, आणि नेमकं तेव्हा लोक जेवायला नाहीतर एसटी पकडायला निघालेले असतात. चार जण तरी शेवटपर्यंत थांबा, आपला मुद्दा वाचला गेला नाही तर हात वर करून तिथल्या तिथे घालायला लावा, माइक देत नसतील तरी कॅमेरा चालू असतो.

डीपीच्या सुनावणीला नियोजन समितीसमोर तुम्हाला पाचेक मिनिटं मिळतात, कधी दोन. अर्ज वाचून दाखवू नका, तो त्यांच्याकडे आहे. नकाशा टेबलावर पसरा, बोट ठेवा, "इथे इमारत आहे, इथून रस्ता न्या", एवढं बोला, फोटो द्या, जमलं तर कागदावर नोंद घ्यायला सांगा.

त्यानंतर शांतता असते, महिनोनमहिने. इथे बहुतेक लोक सोडून देतात. पण समितीचा अहवाल होतो, सुधारित नकाशा निघतो, मग प्रकरण मंत्रालयात जातं, आणि सरकारने तिथे मोठे बदल सुचवले तर ते बदल पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा एक महिना हरकती मागवाव्या लागतात, मंजुरीच्या कागदांत ज्याला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट, म्हणजे मंजुरीतून तूर्त वगळलेला भाग) नंबर म्हणतात तो हाच भाग. म्हणजे पहिल्या फेरीत हुकलेल्याला कधीकधी दुसरी संधी असते, आणि पहिल्या फेरीत जिंकलेल्याच्या प्लॉटवर दुसऱ्या फेरीत गुपचूप आरक्षण परत येऊही शकतं, तेव्हा नजर ठेवा. मधल्या काळात १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, आणि "माझ्या हरकतीचं काय झालं" असं विचारू नका, आवक क्रमांक देऊन मागा: हरकतींच्या तक्त्याची संबंधित पानं, त्यावरचा अभिप्राय, समितीची शिफारस, यांच्या प्रमाणित प्रती. बाधित लोकांना निर्णयाची कारणं द्यायची असतात हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे, तेही अर्जात टाका.

अंतिम अधिसूचना आली की मसुदा शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, नियमांचे नंबर मधल्या मध्ये सरकलेले असतात त्यामुळे नंबरवर जाऊ नका, मजकूर बघा. तुमच्या अर्जातलं वाक्य कधी जसंच्या तसं तिथे सापडतं, कोणाचं ते कोणी लिहीत नाही. नाही सापडलं आणि कारणही दिलेलं नसेल, तर शिक्क्याची प्रत, नकाशा आणि माहिती अधिकारात मिळालेली पानं घेऊन वकिलाकडे जा, लवकर, कारण उशीर केला की हायकोर्ट पहिला प्रश्न तोच विचारतं.