तळ्याकाठच्या गावात घर घेताय? आधी तळ्याकडे पाठ करून उभे राहा

घर दाखवणारा माणूस तुम्हाला सगळ्यात आधी गच्चीवर नेतो. समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि वेळ त्याने बरोबर हेरलेली असते, उन्हं कलतानाची. निम्मा व्यवहार तिथेच ठरतो. पुढच्या बहुतेक चुकाही तिथेच सुरू होतात, कारण तळं समोर असलं तरी तिथलं राहणं कसं असेल हे पाठीमागे ठरत असतं. तळ्यात पाणी कुठून येतं, गावाचं मैलापाणी कुठे जातं, मागच्या मोकळ्या उतारावर काय मंजूर झालंय, हे गच्चीवरून दिसतं, फक्त मान वळवावी लागते. दोन मिनिटं पाणी बघून घ्या आणि मग वळा.

हे तळं आहे की धरणाचा जलाशय, हे न विचारणं

हा प्रश्न बाळबोध वाटतो म्हणून कुणी विचारत नाही. वरून दोन्ही सारखीच दिसतात, पण जलाशयाचं पाणी कुणाच्या तरी कामासाठी अडवलेलं असतं: शेती, वीज, दूरच्या शहराचे नळ. त्यांना गरज पडली की ते उतरतं. तुमच्या अंगणासमोर पाणी असावं ही जबाबदारी कुणाचीच नसते. अमेरिकेतल्या लेक मीड या धरणाच्या जलाशयाचं पाणी २००० ते २०२२ या काळात जवळपास ५० मीटरने खाली गेलं. होड्यांचे धक्के पाण्यामागे सरकवत न्यावे लागले, आणि खडकांवर आधीच्या पातळीचा पांढरा पट्टा तेवढा मागे राहिला.

धरण जुनं असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: ते कुणाच्या मालकीचं आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोण करतं? मिशिगन राज्यातलं एडनव्हिल धरण १९२० च्या दशकातलं, खासगी मालकीचं. मे २०२० मध्ये ते फुटलं आणि त्यामागचं विक्सम लेक अक्षरशः वाहून गेलं. काठावरची घरं होती तिथेच उरली, समोर चिखल.

नैसर्गिक तळं म्हणजे स्थिर तळं, असंही समजू नका. उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन आणि ह्युरॉन या जोडसरोवरांनी जानेवारी २०१३ मध्ये नोंदीतली सर्वांत खालची पातळी गाठली. २०२० मध्ये तेच पाणी विक्रमी उंचीच्या जवळ होतं. सात वर्षांत दोन मीटरच्या आसपास फरक. उतार मंद असेल तर एवढ्या चढणीत काठ कितीतरी आत येतो. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी हेच झालं, पाणी चढत चढत वस्तीत शिरलं.

म्हणून ‘सध्या पाणी कुठे आहे’ हे बघून भागत नाही. गेल्या तीस वर्षांतली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पातळी मागा. कागद मिळाला नाही तर काठाने चाला. खडकावरचे पट्टे, कोरड्या जमिनीवर उभा राहिलेला धक्का, पाण्यात उभी असलेली वाळलेली झाडं, ही सगळी नोंदवहीच आहे. उपग्रहाची जुनी छायाचित्रं फुकट बघायला मिळतात. घरबसल्या अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते न करण्याला काही सबब नाही.

मैलापाण्याचा प्रश्न टाळणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. लोक नळाच्या पाण्याबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि संडासातून गेलेल्या पाण्याबद्दल एकही नाही. तळ्याकाठच्या गावात हे दोन प्रश्न मुळात एकच असतात.

तळं शेवाळाने हिरवं का होतं, यावर एकेकाळी बराच वाद होता. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ नावाच्या छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा टाकला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एका भागात त्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग गर्द हिरवा झाला, दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. वरून काढलेल्या एका छायाचित्रात वादाचा निकाल दिसत होता. हा फॉस्फरस येतो मैल्यातून, खतातून, काही साबणांतून आणि धुपलेल्या मातीतून. म्हणजे वस्ती वाढते तेव्हा वाढणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीतून.

हिरवा रंग नुसता डोळ्यांना खुपणारा नसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये इरी सरोवरातल्या नीलहरित शेवाळाचं विष अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळांपर्यंत पोचलं आणि चार-पाच लाख लोकांना जवळपास तीन दिवस नळाचं पाणी प्यायला मनाई झाली. उकळूनही चालणार नव्हतं. हे विष उकळल्याने जात नाही, उलट पाण्याची वाफ होते आणि विषाचं प्रमाण वाढतं. त्या शेवाळाला पोसणारा फॉस्फरस मुख्यतः नदीतून, वरच्या शेतांमधून आलेला होता. शहरातल्या कुणालाही गच्चीवरून ती शेतं दिसत नव्हती.

आता विचारायचं काय? पहिलं, मलनिस्सारणाच्या वाहिन्या आहेत की घरोघरी सेप्टिक टँक? वाहिन्या असतील तर शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती आणि आतापर्यंत किती घरांना परवानगी दिली आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे गेला असेल तर जादाचं पाणी कुठे जातं हे मला सांगायला नको. सेप्टिक टँक असेल तर शोषखड्डा पाण्यापासून किती लांब आहे आणि पाणी सगळ्यात वर असताना तो कोरडा राहतो का, हे बघा. भूजल वर आलं की शोषखड्डा शोषायचं सोडतो आणि गाळलं न गेलेलं पाणी सरळ तळ्याची वाट धरतं.

फक्त मैलाच नाही. अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं पाणी १९६८ मध्ये सरासरी ३१ मीटर खोलपर्यंत दिसायचं, अलीकडे ते २० मीटरच्या आसपास आलंय. त्यामागचं मोठं कारण म्हणजे रस्ते आणि बांधकाम झालेल्या जमिनीवरून वाहून येणारी बारीक धूळमाती. म्हणून पावसात एकदा तरी गावात जा आणि गटारं कुठे उघडतात ते बघा. छत्री न्या, लोक हसले तर हसू द्या.

चांगली उदाहरणंही आहेत आणि गाव निवडताना ती जास्त उपयोगी पडतात. फ्रान्समधल्या आनसी तळ्याभोवतीच्या काही गावांनी १९५७ मध्येच एकत्र येऊन तळ्याला वळसा घालणारी मैलावाहिनी उभारायचं ठरवलं. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सोडलं जाणारं सांडपाणी १९६० च्या दशकात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि पुढच्या दशकात पाणी पुन्हा निवळलं. खर्च लोकांनीच उचलला. गाव पारखताना मी तर एवढंच विचारेन: इथे हॉटेलं आधी आली की वाहिनी?

मोकळी जमीन मोकळीच राहील असं धरून चालणं

दोन घरांच्या फटीतून दिसणारं पाणी हा तुमचा हक्क नाही, शेजाऱ्याने अजून बांधलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. विकास आराखडा बघा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे मंजूर झालेले आणि सुनावणीला आलेले प्रस्ताव बघा. आराखडा इच्छा सांगतो, प्रस्ताव तारीख सांगतात. रिकाम्या माळाच्या कडेला मोठ्या व्यासाची नवी जलवाहिनी येऊन थांबलेली दिसली, तर तो माळ आता फार दिवस रिकामा राहणार नाही.

नव्या रस्त्याचा आनंद सगळ्यांनाच होतो. शहर दोन तासांवरून एका तासावर आलं की तुमची सोय होते आणि इतर हजारोंचीही. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे जेमतेम ८०० वस्तीचं गाव, हंगामात तिथे एका दिवसात दहा हजारांपर्यंत माणसं येतात. २०२३ मध्ये गावकरी याविरोधात रस्त्यावर उतरले होते.

उलट टोकही असतं. हंगाम नसताना, कामाच्या दिवशी, रात्री आठला गावातून चक्कर मारा आणि किती घरांत दिवे आहेत ते मोजा. बहुतेक खिडक्या काळ्या असतील तर ती घरं सुट्टीपुरती आहेत. अशा गावात घरं वाढत राहतात, पण शाळेतली मुलं आणि दवाखान्यातला डॉक्टर वाढत नाहीत. मला गजबजाटापेक्षा या काळ्या खिडक्यांची जास्त धास्ती वाटते.

एकाच हंगामात बघून ठरवणं

जो महिना तिथले लोक ‘तेव्हा नका येऊ’ म्हणून सांगतात, त्याच महिन्यात आठवडाभर भाड्याने राहा. बाकी सगळं आपोआप कळतं: ओल, किडे, वारा, इंटरनेट, रुग्णवाहिकेला लागणारा वेळ.

पाण्याला अगदी खेटून घर घेणं

संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो. पलीकडच्या काठावरचं बोलणं अंगणात ऐकू येतं. एकाच्या बोलण्याने काही बिघडत नाही, पण पलीकडे लग्नाचा हॉल झाला तर? दुसरं म्हणजे घराच्या बाजूला वारा कुठून येतो. लांबलचक तळ्याच्या ज्या टोकाला वारा आदळतो तिथे लाटा मोठ्या, काठाची धूप जास्त, आणि शेवाळाचा तवंगही तिथेच येऊन साचतो. दोन ओळी मागे, थोड्या उंचावरचं घर मला केव्हाही बरं वाटतं.

आधीच राहायला गेला असाल तर

पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा आणि ते पाणी उकळून वापरायच्या फंदात पडू नका. तपासणी करून घ्या. हवामान गार होऊ लागताना दोन-चार दिवस कुबट वास आला तर लगेच घाबरू नका. उन्हाळ्यात खोल तळ्यात गरम पाण्याचा थर वर आणि गार पाण्याचा खाली असतो. वरचा थर गार झाला की सगळं पाणी ढवळतं आणि तळाचा कोंडलेला वास वर येतो. वास आठवडेच्या आठवडे राहिला, किंवा एखाद्या ओहोळाच्या तोंडाशीच येत असेल, तर मात्र त्या ओहोळाच्या कडेने वर चालत जा.

तळघरात ओल आली तर भिंतीला रंग देण्याआधी तळ्याची पातळी आणि ओल एका कागदावर तारखेनिशी लिहा. दोन्ही बरोबर चढत-उतरत असतील तर दोष भिंतीचा नाही. संडासातलं पाणी फक्त ओल्या हंगामातच हळू जात असेल तर तीच गोष्ट शोषखड्ड्याची.

आणि पाणी किती निवळ आहे हे मोजायला एक तबकडी करून घ्या. इटालियन खगोलशास्त्रज्ञ ॲंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली युक्ती आजही चालते. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली जड तबकडी, तिला मीटरच्या खुणा केलेली दोरी. होडीतून सावलीच्या बाजूने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली लिहायची. दर पंधरवड्याला, त्याच जागी, दुपारच्या सुमाराला. पहिल्या वर्षीच्या आकड्यांतून फारसं काही कळणार नाही. चार-पाच वर्षांनी मागच्या उतारावरच्या एखाद्या प्रकल्पाची सुनावणी लागेल आणि ‘तळ्यावर काही परिणाम होणार नाही’ असं कुणीतरी म्हणेल, तेव्हा ती वही सोबत घेऊन जा.