डोळे मिटले की विचारांची गर्दी व्हायची, त्यावर मला सापडलेला उपाय

ध्यानाला बसले की पाचव्या मिनिटाला एकतर डुलकी लागायची, नाहीतर राहिलेली कामं डोक्यात नाचायची. दोन महिने हेच चाललं. ‘मन शांत कर’ असं स्वतःला बजावत होते, आणि चूक नेमकी तिथेच होती. मनाला हुकूम देऊन ते शांत होत नाही. सुरुवात शरीरापासून करावी लागते.

मग क्रम बदलला. आडवं पडणं बंद, पाठ टेकून खुर्चीत बसायचं. आधी मुठी पाच सेकंद घट्ट आवळायच्या आणि एकदम सोडायच्या. बोटांत झिणझिण्यांसारखी ऊब पसरते, ती नीट जाणवू द्यायची. मग खांदे, कपाळ, जबडा. (माझा जबडा दिवसभर आवळलेला असतो, हे मला तेव्हा कळलं!) श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा.

त्यानंतर स्वसूचना. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी 1932 मध्ये मांडलेल्या पद्धतीतलं पहिलं वाक्य मी घेतलं: ‘माझा उजवा हात जड आहे.’ ‘मला ताण नको’ म्हटलं की मन ताणालाच चिकटतं, त्यामुळे नकार टाळला. वाक्य मनात सावकाश पाच-सहा वेळा म्हणायचं. हात जड झाला नाही तरी जोर लावायचा नाही.

उठताना घाई केली तर गरगरतं. म्हणून मुठी वळायच्या, हात ताणायचे, खोल श्वास घ्यायचा आणि मगच डोळे उघडायचे. गाडी चालवताना हे अजिबात करू नका.

आता रोज 12 मिनिटं बसते. विचार येतात, पण त्यांच्यामागे धावत नाही.