कुंडलिकेतून कयाक: मध्यम अवघड प्रवाह कसा उतरावा

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात आणि होळीपर्यंत पात्रात गोटेच उरतात. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळची कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही खळाळते. मुळशी धरणाचं पाणी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, तिथे वीज तयार होते आणि पुढे तेच पाणी कुंडलिकेत सोडलं जातं. भिऱ्याचं केंद्र १९२७ पासून चालू आहे. त्याआधी १९२१ मध्ये याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह केला होता. आपण ज्या पाण्यावर हौसेने होडी घालतो, त्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. म्हणून या नदीवर आणि काठच्या गावांमध्ये नीट वागायला हवं.

नद्यांच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी १ ते ६ अशी असते. कुंडलिकेचा राफ्टिंगचा टप्पा श्रेणी २ ते ३ मध्ये मोडतो. श्रेणी ३ म्हणजे लाटा तोंडावर येतात, वाट सरळ नसते, खडक चुकवत नेमक्या जागी वळावं लागतं, पण चुकलात तर बहुतेक वेळा पोहून बाहेर येता येतं. हा लेख सपाट पाण्यावर कयाक सरळ नेता येणाऱ्या आणि आता वाहत्या पाण्यात उतरू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. आणि पहिल्या वेळी प्रशिक्षकाशिवाय जाऊ नका. लेख वाचून प्रशिक्षकाची जागा भरून निघत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नदी उतरायचं कौशल्य वेगात नाही, थांबण्यात आहे. वाहत्या पाण्यात हवं तिथे थांबता येणारा माणूस श्रेणी ३ उतरू शकतो. ज्याला थांबता येत नाही, त्याला नदी वाहून नेत असते, मग तो कितीही जोरात वल्हवत असो.

पायरी १: सामान

कयाक 'रिव्हर रनर' किंवा 'क्रीक बोट' प्रकारची, जाड प्लास्टिकची हवी. समुद्रावर भाड्याने मिळणारी, वर बसायची उघडी होडी इथे चालत नाही. बसल्यावर कंबर, मांड्या आणि पावलं होडीला घट्ट लागली पाहिजेत. कंबर हलवली आणि होडी हलली नाही, तर फोमचे तुकडे लावून फट भरा. होडीत मागेपुढे हवेच्या पिशव्या असाव्यात, म्हणजे उलटल्यावर ती पाण्याने भरून जड होत नाही.

लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा आणि सोबत्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत वर आलं, तर सैल आहे. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. पायात बांधता येणारे बूट घाला, चप्पल पहिल्याच पोहण्यात वाहून जाते. अंगात सुती कपडे नकोत. गटातल्या प्रत्येकाकडे शिटी असावी आणि निदान दोघांकडे थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची १५ ते २० मीटर दोराची पिशवी, असावी.

स्प्रे स्कर्ट म्हणजे कमरेला घालून होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा पडदा. त्याच्या पुढच्या टोकाला ओढायचा पट्टा असतो. होडीत बसल्यावर दरवेळी तो पट्टा बोटांनी चाचपून बाहेर आहे ना, हे पाहा. तो आत दबला असेल, तर उलटं झाल्यावर स्कर्ट सोडवणं फार कठीण होतं.

पायरी २: आधी उलटायला शिका

हे तलावात किंवा धरणाच्या शांत फुगवट्यात, परवानगी असलेल्या जागी, छातीएवढ्या पाण्यात करा. शेजारी एक जण उभा राहू द्या.

होडी उलटली की पहिली धडपड डोकं वर काढण्याची होते. ती आवरा. उलट पुढे वाका, कपाळ होडीच्या दिशेने न्या. त्यामुळे चेहरा खडकांपासून वाचतो. होडीच्या तळावर हाताने तीनदा थापटा. ही मदतीची खूण आहे, आणि घाबरलेल्या मनाला सावरायला तेवढा वेळही मिळतो. मग दोन्ही हात होडीच्या तोंडाच्या कडेवरून पुढे सरकवत पट्टा शोधा, तो आधी पुढे आणि मग वर ओढा. हात कमरेच्या दोन्ही बाजूंना टेकवून होडी अंगापासून दूर ढकला, पाय आपोआप सुटतात. पॅडल सोडू नका.

हे डोळे मिटूनही शांतपणे जमू लागलं की रोल शिकायला घ्या. रोल म्हणजे होडीतून न निघता पुन्हा सरळ होणं. यात पॅडलपेक्षा कमरेचा झटका महत्त्वाचा आहे. आधी होडी कमरेने सरळ करायची, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. शिकणाऱ्यांचे बहुतेक रोल फसतात ते श्वासासाठी डोकं आधी उचलल्यामुळे. पॅडल पाण्यात असताना कोपर वाकलेलं आणि अंगाजवळ ठेवा. हात ताठ करून मागे गेला तर खांदा निखळतो, आणि ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे.

श्रेणी ३ साठी रोल आलाच पाहिजे का? माझ्या मते तलावात तरी खात्रीचा यावा. नदीत तो दरवेळी लागेल असं नाही, म्हणून पोहण्याची तयारीही तितकीच ठेवा.

पायरी ३: एडीत शिरणं आणि निघणं

नदीतल्या मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला पाणी एकतर शांत असतं किंवा उलट, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या दिशेने फिरत असतं. ती एडी, म्हणजे तुमचा थांबा. तिच्या आणि मुख्य धारेच्या मधली रेघ नीट पाहिली तर दिसते. एका बाजूला फेस वेगाने खाली जातो, दुसऱ्या बाजूला हळूहळू वर येतो, आणि मध्ये लहान भोवरे उठतात. त्या रेघेवर रेंगाळलात की दोन प्रवाह होडीला दोन दिशांना ओढतात आणि ती उलटते. रेघ नेहमी वेगाने आणि एका दमात ओलांडायची.

शिरताना नजर एडीच्या वरच्या टोकावर, खडकाच्या अगदी पाठीशी ठेवा. तिथे रेघ स्पष्ट असते, खाली ती पसरट आणि गोंधळलेली होते. सुमारे ४५ अंशाच्या कोनात रेघ तोडा. नाक शांत पाण्यात गेलं की होडी स्वतःहून वरच्या दिशेला वळते. तेव्हा सायकल वळवताना झुकतो तसं वळणाच्या आतल्या बाजूला झुका आणि पॅडलचा पुढचा वार एडीच्या पाण्यात घाला.

निघताना नाक वरच्या दिशेला ठेवून दोन-तीन जोरदार वार करा आणि तिरप्या कोनात धारेत घुसा. धार नाकाला पकडून खाली वळवते. त्या क्षणी होडीची वरच्या प्रवाहाकडची कड उचललेली हवी. ती दबली, तर पाणी तिच्यावर चढतं आणि काही कळायच्या आत तुम्ही उलटे होता. अंग मात्र सरळ ठेवा, झुकवायची ती होडी.

याचाच तिसरा भाग 'फेरी', म्हणजे धार आडवी पार करणं. नाक वरच्या दिशेला ठेवून किंचित पलीकडच्या काठाकडे वळवायचं आणि वल्हवत राहायचं. होडी फारशी खाली न जाता धार पार करते. कोन जास्त झाला की वाहून जाल, म्हणून आधी थोडाच ठेवा.

एकाच सोप्या जागी या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंनी करत बसा. कंटाळा येईल, तरी करा. उजवीकडे छान वळणारे अनेक जण डावीकडे अडखळतात, आणि नेमकी डावीकडचीच एडी लागते.

पायरी ४: पाणी वाचणं

वरून खाली पाहताना पाण्यावर इंग्रजी 'व्ही'चा आकार दिसतो. त्याचं टोक तुमच्याकडे असेल तर टोकाशी खडक आहे. टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन अडथळ्यांमधली मोकळी वाट आहे. नदी समोर एका आडव्या रेषेवर संपल्यासारखी दिसली आणि पलीकडचं पाणी दिसलं नाही, तर तिथे उतार किंवा धबधबा आहे. एडीत थांबा, काठावर उतरा, चालत जाऊन पाहा.

खडकावरून पडणारं पाणी खाली गेल्यावर उलटं फिरून पुन्हा खडकाकडे येतं. त्याला 'होल' म्हणतात. त्याची दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असतील तर ते तुम्हाला कडेने बाहेर टाकतं, टोकं वरच्या दिशेला वळलेली असतील तर अडकवून ठेवतं. आपल्याकडच्या बंधाऱ्यांचा धोका इथेच आहे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी काठापासून काठापर्यंत एकसारखं फिरतं, कडेने सुटायला जागाच नसते. दिसायला ते साधं, फूट-दोन फुटांचं वाटतं. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा असो की साधा दगडी, त्यावरून कयाक कधीही नेऊ नका. आधीच काठाला लागा आणि होडी उचलून न्या. कुंडलिकेवरही डोलवहाळला बंधारा आहे, त्यामुळे कुठे बाहेर पडायचं ते पाण्यात उतरण्याआधीच जाऊन पाहून ठेवा.

दुसरा मोठा धोका झाडांचा. पावसाळ्यात पडलेली झाडं, पाण्यात लोंबणारे बांबू, कुणीतरी लावलेलं जाळं. पाणी त्यातून आरपार जातं, माणूस जात नाही. धार तिकडे ओढत असेल तर लांबूनच, जीव तोडून दुसऱ्या बाजूला वल्हवा.

पायरी ५: प्रत्यक्ष नदीवर

टप्पा साधारण १२ किलोमीटरचा आहे. पाणी सहसा सकाळी सोडतात, पण ते वीजनिर्मितीवर अवलंबून असतं, म्हणून आदल्या दिवशी स्थानिक गाइडना विचारा. जवळपासच्या गावांतली मुलंच इथे गाइड आहेत. कुठल्या खडकापाशी पाणी काय करतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते आज नको म्हणाले तर परत फिरा. भर पावसात ओढे-नाले येऊन मिळतात आणि नदीची श्रेणीच बदलते, तेव्हा शिकाऊ माणसाने लांब राहावं.

निदान तिघे जण हवेत. सगळ्यात जाणता पुढे, दुसरा जाणता शेवटी, नवा माणूस मध्ये. खुणा काठावरच ठरवून घ्या. पॅडल उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, डोक्यावर हात म्हणजे मी ठीक आहे, तीन शिट्ट्या म्हणजे संकट. दिशा दाखवताना नेहमी जिकडे जायचं तिकडे हात करा, धोक्याकडे नको. लांबून पाहणाऱ्याला एवढंच कळतं की हात कुठे आहे.

प्रत्येक रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, आधी शेवटची एडी गाठा आणि खालची पहिली एडी नजरेने ठरवा. मधली वाट दोन-तीन तुकड्यांत पाठ करा: डावीकडून आत, मोठ्या लाटेनंतर उजवीकडे, काळ्या खडकामागे थांबा. लाटेत शिरताना पुढे वाकून वल्हवत राहा. भीतीने हात थांबले की होडी डगमगते, कारण पाण्यात असलेलं पॅडल हाच आधार असतो. खडकावर आडवे आदळलात तर खडकाकडेच झुका. घाबरून उलट बाजूला झुकलात तर धार कड दाबून होडी उलटवते.

एडीतून निघण्याआधी वरच्या दिशेला पाहा. माणसांनी भरलेल्या राफ्टला चटकन वळता येत नाही, तिला वाट द्या. घड्याळावरही लक्ष असू द्या. सोडलेलं पाणी काही तासांनी ओसरतं, आणि एडी-एडीत सराव करत रेंगाळलेल्या माणसाला शेवटचा भाग गोट्यांवरून होडी ओढत काढावा लागतो.

होडीतून बाहेर पडावंच लागलं, तर पाठीवर तरंगा, पावलं प्रवाहाच्या दिशेला आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. गुडघ्याएवढ्या पाण्यातही पाऊल दगडांत अडकतं आणि प्रवाह माणसाला पुढे पाडून दाबून धरतो. शांत पाणी दिसलं की पालथे व्हा आणि जोरात पोहा. समोर आडवं झाड आलं आणि टाळता येत नसेल, तर मात्र पालथे होऊन डोकं पुढे करत त्याच्याकडे जोरात पोहा आणि अंग वर ढकलून त्यावर चढा. दोर फेकला तर दोर धरा, पिशवी नको. तो मनगटाला कधीही गुंडाळू नका. दोर छातीशी धरून खांद्यावरून घ्या आणि पाठीवर राहा. आधी माणूस वाचवायचा, होडी आणि पॅडल नंतर.

पुढे काय

हाच टप्पा पुन्हा पुन्हा उतरा, आणि दरवेळी जास्त एड्या पकडायचा प्रयत्न करा. मुख्य धारेतून सरळ गेल्यास सोपा वाटणारा रॅपिड मधल्या लहान एड्यांमध्ये थांबत उतरला की बराच अवघड होतो, आणि धोका फारसा वाढत नाही. दोन्ही बाजूंच्या एड्या चुकत नाहीत असं झालं, की ऋषिकेशजवळची शिवपुरीखालची गंगा हा चांगला पुढचा टप्पा आहे. तिथे पाणी कुंडलिकेपेक्षा कितीतरी जास्त असतं, एडीच्या रेघा रुंद आणि भोवऱ्यांच्या असतात, आणि पाणी हिमालयातलं, थंड. त्यामुळे अंगात वेटसूट हवा आणि रोल थंड पाण्यातही यायला हवा. पावसाळ्यात तिथलं राफ्टिंग बंद असतं, म्हणून बेत पावसाळा संपल्यावर किंवा वसंतात आखा.