शहराचे बांधकामाचे आणि आगीचे नियम बदलताना हरकत कशी नोंदवायची

पेपरात टेंडर नोटिसांच्या खाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात कधीतरी एक जाहीर सूचना येते, "महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये" वगैरे, आणि तेवढं वाचूनच आपण पान उलटतो. मग वर्षा-दोन वर्षांनी शेजारच्या प्लॉटवर टॉवर चढायला लागतो, दोन बिल्डिंगमधून स्कूटर जेमतेम जाईल एवढीच फट उरते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ह्याला परवानगी दिलीच कशी" सुरू होतं. दिली, कारण नियम बदलला होता, आणि बदलायच्या आधी तुम्हाला विचारलंही होतं. त्या छापील नोटिशीत.

ही हरकत-सूचना द्यायला वकील लागत नाही, आर्किटेक्ट लागत नाही, साधा कागद पुरतो. पण ती टिकवायची तर थोडा अभ्यास लागतो. "आमचा तीव्र विरोध आहे" असं लिहून दोनशे सह्या जोडलेलं पत्र बहुतेक वेळा "नोंद घेतली" म्हणून फाईलला लागतं, आणि एकट्या माणसानं कलम नंबर, टेपनं घेतलेलं माप आणि "इथे हे वाक्य घाला" एवढं लिहून दिलं तर अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी उत्तर लिहावं लागतं, फरक एवढाच आहे.

आधी बघा, तुमच्या शहराला कुठलं पुस्तक लागू आहे

मुंबई महापालिकेच्या हद्दीत डीसीपीआर २०३४ (विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) चालतो, तो २०१८ पासून लागू आहे. बाकीच्या महाराष्ट्रात, म्हणजे पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर सगळीकडे, डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका असे काही भाग त्यातून वगळलेत.

आगीचं प्रकरण वेगळं आहे आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. आगीसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, तो २००८ च्या शेवटी लागू झाला. त्याच्या मागे उभा आहे नॅशनल बिल्डिंग कोड, सध्याचा २०१६ चा, त्यातला भाग ४ आगीचा. हा कोड आपल्या आपण कायदा होत नाही, राज्याच्या कायद्यातून आणि शहराच्या नियमावलीतून तो आपल्यापर्यंत येतो. म्हणून "फायरचे नियम बदलले" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, कशात बदलले? जिन्याची रुंदी, मोकळी जागा, रेफ्यूज एरिया (आगीत लोकांना थांबायला सोडलेली जागा) हे बांधकाम नियमावलीतही असतं, आणि पंप, हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ), स्प्रिंकलर (छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) चालू ठेवायची जबाबदारी फायरच्या कायद्यात असते. हा लेख मुख्यतः बांधकाम नियमावलीतल्या बदलाबद्दल आहे, कारण हरकतीची खिडकी तिथे उघडते.

नोटीस सापडली की तीन गोष्टींवर पेन फिरवा

पेपर हुकला तर राज्य शासनाचं राजपत्र, नगरविकास विभागाची वेबसाईट आणि महापालिकेची वेबसाईट, ह्या तीन जागा बघायच्या.

पहिली गोष्ट तारीख. हरकतींना एक महिना असतो आणि तो कधीपासून मोजायचा ते नोटिशीतच लिहिलेलं असतं, तुम्ही पीडीएफ उघडलीत त्या दिवसापासून तो मोजत नाहीत. दुसरी गोष्ट कलम. ३७ (१) असेल तर बदल महापालिका सुचवते आहे, ३७ (१कक) असेल तर राज्य सरकार स्वतः. हरकत कोणाकडे द्यायची ते त्यावर ठरतं, सरकारचा बदल असेल तर बहुतेक नगर रचना विभागाच्या सहसंचालक किंवा उपसंचालकांना ऐकायला नेमलेलं असतं आणि त्यांचा पत्ता नोटिशीच्या शेवटी असतो. महापालिकेच्या बदलावरचं पत्र चुकून मंत्रालयात टाकलंत तर ते फिरत फिरत येईपर्यंत महिना संपतो.

तिसरी गोष्ट कलम १५४, ज्याखाली राज्य सरकार निर्देश देतं. नोटिशीत ३७ (१कक) सोबत १५४ दिसलं तर सावध व्हा, कारण मग बऱ्याचदा बदल आजपासूनच अमलात येतो आणि हरकती मागाहून ऐकल्या जातात. म्हणजे जेवण वाढून झालंय आणि आता विचारतायत मीठ किती घालू. तरीही हरकत द्यायची, कारण अंतिम मंजुरीच्या वेळी शब्द बदलू शकतात.

दोन रकाने शांतपणे वाचा

सोबतच्या परिशिष्टात साधारणपणे तक्ता असतो, डावीकडे सध्याची तरतूद आणि उजवीकडे प्रस्तावित फेरबदल. प्रिंट काढा, फोनवर हा तक्ता वाचवत नाही. उजवीकडे जे नवीन आहे ते अधोरेखित करा आणि मग डावीकडचं काय गायब झालंय ते शोधा. गळलेले शब्द जास्त महत्त्वाचे, कारण ते कोणी ठळक करून दाखवत नाही.

काही शब्दप्रयोग दिसले की थांबायचंच. "आयुक्तांच्या विशेष परवानगीने", "अधिमूल्य भरून", "शक्य असेल तेथे", "मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या ना हरकत दाखल्याच्या अधीन राहून". शेवटचा शब्दप्रयोग ऐकायला भारी वाटतो, पण मोकळी जागा किती मीटर ठेवायची तो आकडा काढून त्याच्या जागी हे वाक्य टाकलं असेल तर आधी मोजता येणारी गोष्ट आता कोणाच्या तरी सहीवर गेली. अधिमूल्याचंही, म्हणजे सवलतीसाठी भरायच्या प्रीमियमचंही, तसंच, मोकळ्या जागेतली कमतरता प्रीमियम भरून माफ करून घ्यायची पद्धत मुंबईत जुनीच आहे, पण प्रीमियमची पावती दाखवली म्हणून फायर ब्रिगेडची गाडी काही बारीक होत नाही.

सुटे बदल मंजूर नियमावलीत लगेच मिसळलेले असतीलच असं नाही, तेव्हा नोटीस वाचताना मूळ पुस्तकाचं ते पानही शेजारी उघडं ठेवा.

मग टेप घेऊन खाली उतरा

हा भाग लोक टाळतात आणि हरकतीचं खरं वजन इथेच असतं. रविवारी सकाळी दोघं जण, एक लांब टेप, एक वही.

गेटपासून सुरू करा. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीसाठी ६ मीटर मोकळी, पक्की जागा आणि वळायला ९ मीटर त्रिज्या, हे कोडमधलं ठरलेलं माप आहे, आणि मुंबईत ह्या ६ मीटरवरून भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. तुमच्याकडे नकाशावर ६ असेल, पण मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका, गाडीला प्रत्यक्ष मिळते ती वाट मोजा, म्हणजे एका बाजूला लावलेल्या गाड्या, कुंड्या, वॉचमनची केबिन, जनरेटरचा ओटा हे सगळं वजा करून. बऱ्याच ठिकाणी हाती साडेतीन-चार मीटर उरतात. हा आकडा वहीत, आणि टेप दिसेल असा फोटो.

जिना. रुंदी मोजा, मग प्रत्येक मजल्यावर काय काय ठेवलंय ते लिहा, चपलांचं कपाट, सायकल, जुना कूलर. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं जास्त जातात आणि धूर जिन्यानंच वर चढतो. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या एका एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीत आग लागली ती खाली पार्किंगमध्ये, तिथे कापडाचे गठ्ठे होते, पहाटेची वेळ, लोक झोपेत, किमान सात माणसं गेली. पार्किंग मोकळं ठेवायचा नियम त्याआधीही होताच.

इलेक्ट्रिक डक्टचं दार उघडून बघा, मजल्यामजल्याच्या मध्ये केबल जाते तिथलं भोक बंद केलंय का. नसेल तर ती चिमणी आहे. इंटरनेटवाले येतात, ड्रिल मारतात, केबल टाकून जातात, बुजवत कोणीच नाही.

रेफ्यूज एरिया, म्हणजे उंच टॉवरमध्ये साधारण २४ मीटरच्या वर आणि मुंबईत पुढे दर सातव्या मजल्याला सोडलेली मोकळी जागा, तिथे टेबल टेनिस आहे की सोसायटीचं ऑफिस ते बघा. आणि होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाईपची पेटी. लाल पेटी उघडली की आत झाडू आणि खराटा, पितळी नोझल केव्हाच भंगारात गेलेलं, हे इतकं कॉमन आहे की आता कोणाला धक्काही बसत नाही.

एवढं फिरून आलात की प्रस्तावित बदल तुमच्या इमारतीला लागला तर काय होईल हे डोळ्यासमोर येतं. तसा नवीन नियम सहसा नव्या परवानग्यांना लागतो, तुमची जुनी बिल्डिंग मंजूर नकाशाप्रमाणे तशीच राहते, पण रिडेव्हलपमेंट, वाढीव मजला किंवा वापरात बदल करायला गेलात की नवीन पुस्तक समोर येतं. आणि शेजारच्याला ते आजच लागतं.

पत्र कसं लिहायचं

एका पत्रात एक विषय, फार तर दोन. पार्किंग, पाणी, फेरीवाले, नगरसेवकावरचा राग हे सगळं एकाच पत्रात कोंबलं की मूळ मुद्दा हरवतो.

वर "प्रति" मध्ये नोटिशीतलं पद आणि पत्ता जसाच्या तसा. "विषय" मध्ये नियमावलीचं नाव आणि कलम नंबर. "संदर्भ" मध्ये सूचनेचा क्रमांक आणि तारीख, हे विसरू नका, ह्यावरूनच पत्र योग्य फाईलला जातं. मग मजकूर. समजा एखाद्या प्रस्तावात बाजूची मोकळी जागा "शक्य असेल तेथे ६ मीटर" अशी केली आहे, तर असं लिहा:

"प्रस्तावित फेरबदलातील 'शक्य असेल तेथे' ह्या शब्दांना माझी हरकत आहे. आमच्या इमारतीत मंजूर नकाशाप्रमाणे ६ मीटर जागा असूनही प्रत्यक्षात ३.८ मीटर वाट उरते (मोजमापाचे फोटो सोबत). किमान आकडाच नसेल तर नवीन इमारतीत अग्निशमन गाडी इमारतीजवळ पोचणार नाही. त्यामुळे 'शक्य असेल तेथे' हे शब्द वगळून 'किमान एका संपूर्ण बाजूस ६ मीटर, वाहनतळ व इतर कोणत्याही अडथळ्याविना' असे शब्द घालावेत. मला सुनावणीस बोलवावे ही विनंती."

काय खटकतं, का, त्याऐवजी काय, आणि सुनावणी. सुनावणी मागितल्याचं वाक्य स्पष्ट लिहाच. बदल आवडला असेल तर तेही कळवा, "ही तरतूद कायम ठेवावी" अशी सूचना चालते, कारण समोरून बिल्डर लोकांच्या संघटना ती काढा म्हणून व्यवस्थित टाईप केलेली पत्रं देत असतात.

पत्र हातानं नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. ईमेलचा पत्ता दिलेला असेल तर ईमेलही करा, पण शिक्क्याची प्रत ती शिक्क्याची प्रत.

सुनावणी

वेळ कमी मिळतो, पाच मिनिटं मिळाली तरी खूप, आणि बाहेर बाकावर बराच वेळ बसावं लागतं, डबा घेऊन जा. आत गेल्यावर सगळं पत्र वाचून दाखवू नका. फोटो पुढे ठेवा, बदली वाक्य वाचा, संपलं. सोसायटीतर्फे जात असाल तर कमिटीचा ठराव सोबत ठेवा, नाहीतर "तुम्ही कोण" इथेच दोन मिनिटं जातात.

नंतरचं लक्ष

हरकती ऐकल्या म्हणजे नियम लगेच ठरतो असं नाही. २६/११ नंतर २००९ मध्ये मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी आगीच्या खास नियमांचा मसुदा आला होता, तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला, आणि शेवटी जनहित याचिकेत मुंबई हायकोर्टानं २०२२ मध्ये सरकारला त्यावरून धारेवर धरलं. तेव्हा अधूनमधून राजपत्र बघत राहा.

दरम्यान एक गोष्ट कुठल्याच नवीन नियमाची वाट बघत नाही, ती म्हणजे फॉर्म बी. २००६ च्या कायद्याप्रमाणे मालक किंवा वापरणाऱ्यांनी दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला घेऊन फायर ब्रिगेडला द्यायचा असतो, बिल्डिंग कितीही जुनी असो. काही एजन्स्या जागेवर न येता फॉर्म भरून देतात, स्वस्तात. त्यांना म्हणायचं, आधी गच्चीवरचा हायड्रंट आमच्यासमोर चालवून दाखवा, मग चेक. यंत्रणा बंद सापडली तर तपासणीनंतर नोटीस येते, आणि तरी दुर्लक्ष केलं तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत कायद्यात अधिकार आहेत.

अंतिम अधिसूचना आली की तुमचं सुचवलेलं वाक्य आणि छापून आलेलं वाक्य शेजारी ठेवा. घेतलं नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून सुनावणी अधिकाऱ्याचा अहवाल मागा. अर्जात "हरकतींची यादी, प्रत्येक हरकतीवरील अभिप्राय आणि शासनाला पाठवलेली शिफारस, ह्यांच्या साक्षांकित प्रती" असंच लिहा, आणि तुमचा आवक क्रमांक टाका, म्हणजे "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" हे उत्तर द्यायला जागा राहत नाही.