विमानात बसण्याआधी परदेशात घर घेताना

परदेशात कायमचं जायचं ठरलं की पहिला विचार घराचा येतो. भाड्यात पैसे का घालवायचे, इथूनच घर बुक करू, उतरलो की थेट आपल्या घरी. मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केली, शेवटची वर्षं ठाण्यातल्या शाखेत, आणि निवृत्तीनंतरही ओळखीतली मुलं कागदपत्रं घेऊन नौपाड्याला माझ्या घरी येतात. त्यांना मी सांगते तेच इथे लिहिते आहे. तिथे प्रत्यक्ष राहायला लागेपर्यंत घर घेऊ नका. तरीही घ्यायचंच असेल, तर कुठे कुठे अडकाल ते आधी नीट समजून घ्या.

खरेदीच्या दिवशी तुम्ही कोण आहात

घराची किंमत सगळ्यांना सारखीच सांगतात. पण परवानगी, कर आणि कर्ज या तिन्ही गोष्टी घेणाऱ्याच्या दर्जावर ठरतात, आणि तो दर्जा खरेदीच्या दिवशीचा धरतात. पुढच्या वर्षी तुम्ही तिथले रहिवासी होणार आहात, याला त्या दिवशी काही किंमत नसते.

कॅनडाचं बघा. १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या शहरी भागांत परक्या नागरिकांना राहतं घर विकत घ्यायला बंदी आहे, आणि ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली आहे. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना असलेल्यांना ती लागू नाही. पण पीआरचं पत्र हातात पडलं म्हणजे पीआर झाला असं नसतं. तिथे लँडिंग, म्हणजे पीआर पक्का करण्याची शेवटची पायरी, पूर्ण व्हावं लागतं. ठाण्यात बसून सही केली तर तुम्ही परकेच. दंड १० हजार कॅनडियन डॉलरपर्यंत होऊ शकतो आणि कोर्ट घर विकायला लावू शकतं. शिवाय ओंटारिओ प्रांतात परक्या खरेदीदारावर २५ टक्के जादा कर आहे, आणि खुद्द टोरांटो शहरात जानेवारी २०२५ पासून त्यावर आणखी १० टक्के.

न्यूझीलंड तर याहून स्पष्ट आहे. रेसिडेंट व्हिसा असला तरी गेले १२ महिने तिथे राहत असायला हवं, त्यांतले किमान १८३ दिवस प्रत्यक्ष देशात काढलेले हवेत आणि कर तिथे भरत असायला हवं. तेव्हा कुठे सर्वसाधारण माणसासारखं घर घेता येतं. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी परक्यांना जुनी, म्हणजे आधी कोणी राहिलेली घरं घ्यायला बंदी केली आहे. नवं बांधकाम घेता येतं, पण सरकारी मंजुरी आणि जादा स्टॅम्प ड्युटीसकट. सिंगापूरला परक्याने घर घेतलं तर किंमतीच्या ६० टक्के जादा ड्युटी आहे. तिथे विषयच संपला.

इंग्लंडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे बंदी नाही आणि म्हणूनच आपली माणसं निर्धास्त असतात. समजा ३ लाख पौंडांचं घर आहे. ज्याने जगात कुठेही कधी घर घेतलेलं नाही, अशा तिथल्या माणसाला ते राहण्यासाठी घेताना स्टॅम्प ड्युटी शून्य पडते. तुमच्या नावावर ठाण्यात फ्लॅट आहे, म्हणजे पहिल्या घराची ती सवलत गेली: ५ हजार पौंड. अनिवासी म्हणून २ टक्के: ६ हजार. आणि दुसरं घर म्हणून ५ टक्के: १५ हजार. एकूण २६ हजार पौंड, त्याच घरावर. पाचपाखाडीचा आपला फ्लॅट इंग्लंडच्या हिशोबात धरतात, हे ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसं दर वेळी गप्प होतात. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि तिकडचं घर बायकोच्या, अशी युक्ती चालत नाही, कारण नवरा-बायको एकच धरतात. यातला २ टक्क्यांचा भाग परत मिळू शकतो, खरेदीच्या आगेमागे सलग ३६५ दिवसांच्या काळात १८३ दिवस तिथे काढले तर. ५ टक्क्यांचा भाग इथलं राहतं घर तीन वर्षांत विकलं तर मागता येतो. पण आधी सगळे पैसे भरायचे असतात, आणि नेमके त्याच वेळी हातात पैसे नसतात.

दुबई सगळ्यांना सोपी वाटते, कारण ती स्वतःच वाशी-ठाण्याच्या हॉटेलांत प्रदर्शनं भरवून आपल्याकडे येते. तिथे परक्यांना ठरलेल्या भागांत घर घेता येतं, आणि २० लाख दिरहम किंवा त्याहून जास्त किंमतीच्या घरावर गोल्डन व्हिसाही, म्हणजे बरीच वर्षं राहायचा परवानाही, मागता येतो. माझी काळजी वेगळी आहे. प्रदर्शनातल्या टेबलावर क्रेडिट कार्ड पुढे करू नका. परदेशातल्या घराचे पैसे बँकेतून, फॉर्म ए-टू, म्हणजे पैसे बाहेर पाठवायचा अर्ज, भरूनच जायला हवेत. आणि पाच-सात वर्षांच्या हप्त्यांची योजना सही करण्याआधी फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जाणणाऱ्या सीएला दाखवा, कारण इथला रहिवासी असताना परदेशात उधारी अंगावर घेणं हा बुकिंगच्या माणसाने सांगितलेला साधा हप्ता नसतो.

घर घेतलं की राहायचा परवाना मिळतो, हेही अजून ऐकू येतं. पोर्तुगालने घरखरेदीवरचा गोल्डन व्हिसा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला. अमेरिकेत घर घेऊन व्हिसा कधीच मिळत नव्हता.

पैसे इथून कसे जातात

भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख पाठवू शकतात, पण मग करारावर दोघांचीही नावं मालक म्हणून हवीत. बँक यासाठी कर्ज देऊ शकत नाही. पैसे तुमचे स्वतःचे हवेत.

मग टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ घेतलेला आयकर. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के कापते. साठ लाख पाठवायचे तर पन्नास लाखांवर दहा लाख. म्हणजे खात्यात सत्तर लाख असायला हवेत. हा कर वाया जात नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, आणि नोकरदाराला तो पगाराच्या टीडीएसमधूनही वळता करून घेता येतो. पण घराची रक्कम भरायची तारीख रिटर्नसाठी थांबत नाही.

काउंटरवर हमखास होणारी एक गोष्ट सांगते. फॉर्ममध्ये पैसे कशासाठी चाललेत याचा कोड भरावा लागतो. परदेशातल्या स्थावरासाठी तो एस०००५ आहे. कोणीतरी शहाणपण शिकवलेलं असतं की नातेवाइकांच्या खर्चासाठी म्हणून टाका, प्रश्न कमी विचारतात. तसं करू नका. पुढे ते घर विकून पैसे परत आणायचे झाले, की ते गेले कसे याचा कागद लागतो आणि तुमच्याकडे खोटा कागद असतो.

पैसे तिकडच्या खात्यात पाठवून ठेवले आणि व्यवहार फिसकटला, तर न वापरलेली रक्कम १८० दिवसांत परत आणायची असते, दुसरी योग्य गुंतवणूक केली नाही तर. घर मिळेल तेव्हा मिळेल, पैसे आधी नेऊन ठेवू, हा बेत म्हणून धोक्याचा.

आता हेच सगळं अनिवासी झाल्यावर कसं होतं ते बघा. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी. इथलं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातलं रुपयाचं खातं, करून घ्यायचं, आणि त्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. सीएचं प्रमाणपत्र लागतं, इथला कर भरलेला लागतो, पण एलआरएसचा टीसीएस लागत नाही. मर्यादा चौपट, आणि वीस टक्के अडकून पडत नाहीत. नुसतं थांबल्याने एवढा फरक पडतो, आणि हे घरांच्या प्रदर्शनात तुम्हाला कोणीही सांगणार नाही.

ठाण्याचा फ्लॅट विकून

इथलं विकून तिकडचं घ्यायचं, हा बेत बऱ्याच जणांचा असतो. त्यात पहिली अडचण अशी की घर विकून घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर जी सूट मिळते, ती नवं घर भारतात असेल तरच. लंडनचं घर घेतलं तर नफ्यावर पूर्ण कर.

दुसरी अडचण विक्रीच्या वेळेची. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना इथल्या रहिवाशाला १२.५ टक्के सरळ, किंवा इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदीची किंमत, धरून २० टक्के, यांत जो कर कमी येईल तो भरता येतो. अनिवासी झालात की ही निवड नाही. रहिवाशाचं पन्नास लाख किंवा त्याहून महाग घर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. विकणारा अनिवासी असेल तर साडेबारा टक्के आणि वर अधिभार, आणि कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर बहुधा पूर्ण किंमतीवरच. घेणारेही अशा फ्लॅटला बिचकतात.

आणि इथे दोन कायद्यांतला फरक लक्षात ठेवा. फेमात तुम्ही निघाल्या दिवसापासून अनिवासी होता, पण आयकरात पूर्ण आर्थिक वर्षाचा दर्जा धरतात. मे महिन्यात नोकरीसाठी निघालात आणि त्या वर्षी १८२ दिवस भारतात भरले नाहीत, तर एप्रिलमध्ये केलेली विक्रीही अनिवासीचीच ठरते. म्हणून मी सांगते तो क्रम असा: फ्लॅट विकायचाच असेल तर निघायच्या आधीच्या आर्थिक वर्षात, ३१ मार्चच्या आत विका. कर भरा. पैसे इथेच एफडीत ठेवा. गेल्यावर खातं एनआरओ करा. तिकडे मनासारखं घर सापडलं की मग पाठवा.

व्हिडिओवर घर बघताना

घोडबंदर रोडवर सकाळी आठ वाजता एकदाही न अडकता कासारवडवलीला घर घेणाऱ्याला आपण काय म्हणू? परदेशातलं घर इथून घेणारा नेमकं तेच करत असतो, फक्त तिथल्या रस्त्याचं नाव त्याला माहीत नसतं.

मैत्रिणीचा भाचा ऐरोलीला आयटीत होता, मँचेस्टरला बदली झाली होती. लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. तिकडचा एजंट फोन हातात धरून घरातून फिरत होता. "काकू, बघा ना, एकदम नव्यासारखं आहे," तो म्हणाला. मी एवढंच म्हटलं, "त्याला सांग, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा कोपरा दाखव, आणि फोन तिथे दहा सेकंद धर." फोन खाली गेला. कपाटाच्या मागे रंगाचा एक हात नुकताच दिलेला दिसत होता, बाकी भिंतीपेक्षा पांढरा, आणि खोलीत हवेतला ओलावा ओढायचं यंत्र चालू होतं. पावसाळ्यात आपल्याकडे गळतीवर रंग मारतात, तो प्रकार तिथे थंडीत होतो. भाच्याने स्वतःच्या पैशाने सर्व्हेअर, म्हणजे घर तपासणारा तज्ज्ञ, पाठवला. ओल भिंतीच्या आतपर्यंत होती. घर सोडलं.

तर सर्व्हेअर आणि वकील स्वतः नेमा, एजंटने सुचवलेला नको. इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची, किती वर्षं उरलीत ते पहिल्या फोनला विचारा. ८० च्या खाली गेली की ते अवघड होऊन बसतं. देखभाल खर्चाचे मागच्या तीन वर्षांचे हिशोब मागा. घर रिकामं किती दिवस राहणार तेही विमा कंपनीला आधी सांगा. अनेक पॉलिसी ३० किंवा ६० दिवस घर रिकामं राहिलं की पाण्याच्या नुकसानीची भरपाई देत नाहीत, आणि कडाक्याच्या थंडीत हीटिंग बंद असलेल्या घरात पाइप फुटू शकतो. तुमचा व्हिसा तीन महिने लांबला, तर ते घर तेवढे दिवस कोण बघणार?

एक इशारा सगळ्यांसाठी. पैसे भरायच्या आदल्या दिवशी वकिलाच्या नावाने ईमेल आला की खातं बदललंय, तर एक रुपयाही पाठवू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नंबरवर नाही. गेलेले पैसे परदेशातल्या खात्यातून परत आणणं फार कठीण असतं, हे मी काउंटरच्या या बाजूने पाहिलं आहे.

तरीही घेतलंच तर

जोवर तुम्ही इथले रहिवासी आहात, तोवर ते घर आयकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, आणि तिथलं भाडं येत असेल तर तेही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला जी सूट आली, ती बँक खाती आणि शेअरसारख्या गोष्टींसाठी आहे, घरासाठी नाही. लक्षात ठेवा, त्या शेड्यूलमध्ये हिशोब जानेवारी ते डिसेंबरचा द्यायचा असतो, एप्रिल ते मार्चचा नाही.

नाहीतर पहिलं वर्ष भाड्याने राहा, नोकरीपासून तासाभराच्या आत, मुलांच्या शाळेच्या जवळ. आपला सिबिल स्कोअर तिकडच्या बँका सहसा धरत नाहीत. पगाराच्या स्लिपा, वेळेवर भरलेलं भाडं आणि तिथल्या कार्डाची बिलं यांवरच कर्ज मिळतं. वर सांगितलेले १८३ दिवस कधी भरतात ते कॅलेंडरवर मांडा, पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. इथल्या फ्लॅटसाठी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र निघण्याआधीच, दोघंही इथे असताना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून द्या. तिकडून करायचं झालं तर आधी भारतीय दूतावासाची वेळ मिळवा, मग कागद इथे पाठवा आणि त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरा, यातच बरेच दिवस जातात.