इलेक्ट्रिक गिटारवर ताल वाजवताना

अकूस्टिक गिटारच्या पोकळ लाकडावर थाप मारली की ढोलासारखा आवाज येतो. इलेक्ट्रिकची बॉडी बहुधा भरीव असते आणि पिकअप (तारांखालचा चुंबकी सेन्सर) मुख्यतः तारांचंच कंपन पकडतो. त्यामुळे बॉडीवर कितीही ठोकलं तरी अ‍ॅम्पमधून फारसं काही येत नाही. ठोका तारांवरच द्यायचा.

किकसाठी (ड्रमसेटमधल्या मोठ्या ढोलाच्या आवाजासाठी) नेक पिकअप, म्हणजे मानेजवळचा, निवडा, टोनचा नॉब पूर्ण खाली आणा, डाव्या हाताने तारा दाबून गप्प करा आणि उजव्या अंगठ्याची कड जाड तारांवर आपटा. ऑक्टेव्ह पेडल असेल तर एक सप्तक खाली न्या, आवाज एकदम भरदार होतो. स्नेअरसाठी (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ढोलासाठी) ब्रिज पिकअप, म्हणजे मानेपासून लांबचा, निवडा आणि टोन पूर्ण उघडा. बोटांनी तारा शेवटच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) चापटीसारख्या मारा, तार धातूला भिडली की हवा तो 'चट्' मिळतो. हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सर्वांत सोपा: गप्प केलेल्या बारीक तारांवर पिक (तार छेडायची पत्ती) हलकेच फिरवा.

खरी अडचण तारा गप्प करण्यात आहे. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट टेकवलं तर हार्मोनिक (घंटेसारखा बारीक सूर) वाजतो आणि तालात नको तो सूर घुसतो. म्हणून दोन-तीन बोटं पसरून ठेवा, आणि या जागा टाळाच.

कॉम्प्रेसर (हलक्या-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं उपकरण) लावला तर हलके ठोकेही नीट ऐकू येतात. लूपरवर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवर) आधी किक, मग स्नेअर असं थरांनी रेकॉर्ड करा, म्हणजे प्रत्येक आवाजासाठी पिकअप आणि टोन बदलायला वेळ मिळतो.